आळ बॅटरीवर

गाडी जुनी झाली की तिच्या प्रत्येक दुखण्याचा पहिला आळ बॅटरीवर येतो. सकाळी किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले, बॉनेटखाली नुसतीच खटखट झाली, की वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीतूनसुद्धा निदान ऐकू येतं, "बॅटरी गेली!" दुपारपर्यंत नवी बॅटरी बसते, पहिल्या सेल्फमध्ये गाडी चालू होते आणि निदान अचूक होतं याबद्दल कुणालाच शंका उरत नाही. सात-आठ महिन्यांनी पुन्हा तीच खटखट. या वेळी शिव्या बॅटरीच्या कंपनीला.

यातली गोम अशी की, नव्या बॅटरीने गाडी चालू झाली यावरून जुनी रिकामी होती एवढंच कळतं. ती रिकामी का झाली हे कुणी विचारलेलंच नसतं. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत या प्रश्नाचं उत्तर बरेचदा बॅटरीच्या बाहेर सापडतं: सैल झालेला पट्टा, गंजलेली अर्थ, थकलेला अल्टरनेटर, किंवा मधल्या कुठल्यातरी मालकाने हौसेने जोडून घेतलेला गाण्यांचा संच. म्हणून बॅटरी बदलण्याआधी तिची आणि तिच्या शेजाऱ्यांची चौकशी करावी. या चौकशीला लागतो एक साधा डिजिटल मल्टीमीटर, एक दहाचा पाना आणि रविवारची अर्धी सकाळ. हा लेख प्रामुख्याने मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो, जुनी इंडिका अशा गाड्या अजून प्रेमाने चालवणाऱ्यांसाठी आहे. ८०० चं उत्पादन डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झालं आणि जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे त्या घराण्यातली सगळ्यांत धाकटी गाडीसुद्धा आता दहा वर्षं ओलांडून गेली आहे.

मोटारीत बॅटरीला मान मिळाला तो सेल्फमुळे. त्याआधी इंजिन हँडल मारून चालू करावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायची भीती. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९११ मध्ये विजेवर चालणारा व्यवहार्य स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला. आपल्याकडे हँडल पुढे बरीच वर्षं टिकून होतं. जुन्या अँबॅसॅडरच्या डिकीत ते जॅकशेजारी पडलेलं असे, आणि हिवाळ्यात ते बाहेर काढायची वेळ आली की घरातला सगळ्यांत धट्टाकट्टा मुलगा नेमका कुठेतरी गेलेला असे.

सेल्फ मारताना लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर क्षणभर शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. घरातल्या कुठल्याही उपकरणाच्या मानाने हा आकडा प्रचंड आहे, पण तो दोन-तीन सेकंदांपुरता. शंभर अँपिअर तीन सेकंद म्हणजे ताशी हिशेबात ०.०८ अँपिअर-तासांच्या आसपास. ८०० मधली बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली तर एका सेल्फला तिच्यातला जेमतेम चारशेवा हिस्सा खर्च होतो, आणि अल्टरनेटर ठीक असेल तर तो थोड्याच मिनिटांत भरून निघतो. तेव्हा "फार सेल्फ मारले म्हणून बॅटरी उतरली" हे खरं असतं ते गाडी चालू होत नसताना हट्टाने दहा-पंधरा वेळा किल्ली फिरवली तरच. याउलट दोन्ही हेडलाइट चालू राहिले तर दहा अँपिअरच्या आसपास प्रवाह जात राहतो आणि तीन-साडेतीन तासांत सगळा कारभार आटोपतो. केबिनमधला पाच वॉटचा इवलासा दिवासुद्धा चोवीस तासांत दहा अँपिअर-तास खातो. दार नीट न लागल्याने तो जळत राहिला आणि आपण गणपतीला चार दिवस गावी गेलो, तर परत आल्यावर काय होणार ते सांगायला नको.

आता आत काय चालतं ते पाहू. शिसं आणि गंधकाम्ल यांची ही जोडी १८५९ मध्ये गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने जमवली, आणि मूळ रसायन आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट. त्यामुळे भरलेली निरोगी बॅटरी मीटरवर बारा दाखवत नाही, १२.६ ते १२.७ दाखवते. एका प्लेटवर शिसं, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड, आणि मध्ये पाणी मिसळलेलं आम्ल. वीज बाहेर काढली की आम्लातला सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतो, दोन्हींवर शिशाचं सल्फेट तयार होतं आणि द्रावण पाण्याकडे झुकत जातं. चार्जिंगला लावली की सल्फेट पुन्हा द्रावणात उतरतो. हायड्रोमीटरने 'ग्रॅव्हिटी' पाहतात ती याचसाठी: द्रावण जड असेल तर आम्ल द्रावणात आहे, बॅटरी भरलेली आहे; हलकं झालं असेल तर आम्ल प्लेटांवर अडकलं आहे.

सगळा घोळ या अडकण्यात आहे. नुकतंच बसलेलं सल्फेट बारीक आणि मऊ असतं, चार्ज करताना सहज सुटतं. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट राहिली तर त्याचे कठीण, मोठे स्फटिक होतात आणि ते मग सुटता सुटत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. मेकॅनिक म्हणतो, "चार्ज पकडत नाही", ते हेच. म्हणजे बॅटरी वापरल्याने फारशी मरत नाही, अर्धपोटी ठेवल्याने मरते. आणि शहरातल्या जुन्या गाडीचं सगळं आयुष्यच अर्धपोटी जातं. घरापासून भाजीमंडई, तिथून मुलांची शाळा, मग सिग्नलवर इंजिन मंद फिरतंय, एसी चालू, पंखा चालू, पावसात वायपर आणि दिवे चालू. शिशाची बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरून घेते, त्याला काही तास लागतात, आणि ते तास तिला कधी मिळतच नाहीत. महिन्यातून एकदा गाडी हायवेला काढून तास-दीड तास सलग चालवली तर बॅटरीला त्याचा फायदा होतो. तेवढी फुरसत नसेल तर चार-सहा अँपिअरचा छोटा चार्जर रात्रभर लावावा.

लॉकडाऊनच्या काळात सोसायट्यांमध्ये एक विधी रूढ झाला होता: रोज सकाळी खाली यायचं, गाडी पाच मिनिटं चालू ठेवायची आणि बंद करून वर जायचं. समाधान मालकाला, नुकसान गाडीला. मंद फिरणाऱ्या इंजिनावर जुना अल्टरनेटर फारसा प्रवाह देत नाही, सेल्फला लागलेली वीज जेमतेम परत मिळते, वर थंड इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर आधी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवावं. एवढ्यानेच काम होतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत घड्याळ परत लावावं लागेल, बाकी काही बिघडत नाही. २००० नंतरच्या एमपीएफआय गाडीत इंजिन सुरुवातीला थोडा वेळ कमी-जास्त वेगाने फिरेल, मग आपोआप सावरेल. काही गाड्यांच्या मूळ रेडिओला सांकेतिक आकडा लागतो, तो आधी शोधून ठेवलेला बरा.

महाराष्ट्रात बॅटरीचा खरा शत्रू उन्हाळा. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि यात प्लेटांचं गंजणंही आलं. चंद्रपूर, अकोला, नागपूरला मे महिन्यात सावलीतलं तापमान पंचेचाळीसच्या वर जातं. बॉनेटखालचा आकडा त्याहून किती वर जात असेल याची कल्पना करा. पाणी उडतं, प्लेटांचा वरचा भाग उघडा पडतो आणि उघडा पडलेला भाग पुन्हा कामाला येत नाही. गंमत अशी की उन्हाळ्याने केलेली ही हानी उन्हाळ्यात दिसत नाही. गरम इंजिन हलकं फिरतं, कमकुवत बॅटरीही ते ओढून नेते. मग डिसेंबर उजाडतो, निफाडला पारा पाच अंशांखाली जातो, इंजिनातलं ऑइल दाट होतं, बॅटरीतली क्रियाही मंदावते, आणि मे महिन्यातलं दुखणं एका सकाळी बाहेर पडतं. दोष मात्र थंडीला. कोकणातली तऱ्हा वेगळी. तिथली दमट, खारी हवा बॅटरीपेक्षा टर्मिनल आणि वायरी जास्त खाते.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घरोघरी चुकतं ते इथेच. झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांनी पातळी पाहावी. डब्यावर वरची आणि खालची अशा दोन रेषा असतात. पाणी वरच्या रेषेपर्यंतच भरायचं, तोंडापर्यंत नाही. चार्ज होताना द्रावण फुगतं आणि जादा झालेलं आम्ल बाहेर येऊन खालचा पत्रा खातं. पाणी फक्त डिस्टिल्ड. नळाच्या आणि बोअरच्या पाण्यातलं लोह, क्लोराइड आणि क्षार प्लेटांना लागतात हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण आरओचं पाणी चालतं असा एक गोड गैरसमज आहे. आरओ क्षार कमी करतं, संपवत नाही, आणि बरीच यंत्रं चवीसाठी थोडे परत मिसळतात. दुसरी काटकसर एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याची. ते वाफेचंच पाणी खरं, पण थंड कॉइलवरची धूळ आणि तांबं-अॅल्युमिनियमचे अंश घेऊन खाली येतं. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन स्वस्त मिळतो, बॅटरी मिळत नाही. आणि आम्ल? ते कधीही वरून टाकायचं नाही. उडतं ते पाणी, आम्ल आतच राहतं. ग्रॅव्हिटी कमी दिसली म्हणून आम्ल ओतणारा माणूस रोगाऐवजी थर्मामीटरवर उपचार करतो.

'मेंटेनन्स फ्री' बॅटरीत प्लेटांच्या जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम असतं, त्यामुळे पाणी फार कमी उडतं. तिच्यावर एक गोल डोळा असतो: हिरवा म्हणजे ठीक, काळा म्हणजे चार्जिंग हवं, पांढरा किंवा पिवळसर म्हणजे पातळी खाली गेली. हा डोळा सहापैकी एकाच सेलमध्ये बुडालेला असतो. बाकीच्या पाचांचं त्याला काही माहीत नसतं. हिरवा डोळा आणि मेलेली बॅटरी ही जोडी मेकॅनिक मंडळींना परिचयाची आहे.

आता चौकशी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ मारण्याआधी, मल्टीमीटर वीस व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवून दोन्ही टर्मिनलांना लावा. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव, ११.८ म्हणजे रिकामीच. एका व्होल्टहूनही कमी फरकात सगळा संसार मावलेला आहे हे लक्षात घ्या. "बारा दाखवतंय, म्हणजे चांगली आहे" हे वाक्य म्हणूनच घातक. गाडी आत्ताच चालवून आणली असेल तर आकडा खोटा फुगलेला दिसतो. तेव्हा दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि मग मोजा.

बॅटरी भरलेली असताना कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे पाहत राहा. आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरीत जोर उरलेला नाही. दहाच्या वर राहिला आणि तरीही स्टार्टर आळसावून फिरत असेल, तर बॅटरी निर्दोष आहे, पुढची वायर तपासा. झाकणांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर प्रत्येक सेलमध्ये बुडवून पाहावा. सगळे सेल सारखेच कमी असतील तर ती नुसती उपाशी आहे, चार्ज करून पाहा. पाच सेल १.२४ च्या आसपास आणि एकटाच १.१५ वर असेल तर तो सेल गेला. मग खर्च करायला हरकत नाही.

इंजिन चालू झालं की पुन्हा मोजा. हेडलाइट लावून, अॅक्सिलरेटर थोडा दाबून १३.८ ते १४.४ यायला हवेत. तेराच्या आसपास रेंगाळत असेल तर आधी पट्टा पाहा. पावसाळ्यात सकाळी गाडी चालू करताच किंचाळते ना, तो हाच सैल पट्टा. तो अल्टरनेटर नीट फिरवत नाही. पट्टा ठीक असेल तर आतले कार्बन ब्रश किंवा डायोड. डायोड फुटका असेल तर दुहेरी नुकसान: दिवसा चार्जिंग अपुरं आणि रात्री बॅटरीतली वीज उलटी अल्टरनेटरमधून गळत राहते. आकडा पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला. अशा गाडीत बॅटरीचं पाणी भराभर संपतं आणि बॉनेट उघडताच सडक्या अंड्यांचा वास येतो. या गाडीत नवी बॅटरी बसवणं म्हणजे तिलाही उकळायला ठेवणं.

फियाट-पद्मिनी आणि जुन्या अँबॅसॅडरच्या मालकांसाठी एक वेगळी टीप. यातल्या अनेक गाड्यांत अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. डायनॅमो मंद इंजिनावर चार्ज करतच नाही, त्यामुळे सिग्नलवर लाल दिवा मिणमिणला तर घाबरू नये. त्याच्यासोबत कटआऊटची डबी असते. डायनॅमो थांबला की बॅटरीची वीज उलटी शिरू नये म्हणून तिचे पॉइंट उघडायला हवेत. ते चिकटले तर बॅटरी तर जातेच, कधी आर्मेचरही जळतं. याच डायनॅमोचा एक मोठेपणा मात्र मान्य करायला हवा. बॅटरी पार मेलेली असताना धक्का मारला तर आपल्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर तो थोडी वीज तयार करू शकतो. अल्टरनेटरला सुरुवातीला बॅटरीकडून थोडा प्रवाह लागतोच, म्हणून पूर्ण रिकाम्या बॅटरीची ८०० चौघांनी कितीही ढकलली तरी दाद देत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या गाडीसह ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या, पण खासगी मालकांनी जपलेल्या बऱ्याच पद्मिनी अजून आहेत आणि त्यांचे डायनॅमो भरून देणारे कारागीर मात्र झपाट्याने कमी होताहेत.

जुन्या गाडीतला सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे अर्थ. बॅटरीच्या निगेटिव्हची वायर बॉडीला आणि गिअरबॉक्सला जोडलेली असते. वीस पावसाळे खाल्लेल्या त्या बोल्टखाली गंज साचतो. गंजाचा अडथळा केवढा? एक ओहमचा शंभरावा हिस्सा, म्हणजे साध्या मीटरला धड मोजताही येणार नाही इतका. पण शंभर अँपिअर त्यातून जाताना एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. बाराच्या हिशेबात एक व्होल्ट फार झाला. तपासायची रीत सोपी: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ च्या आत असावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर बोल्ट काढून, पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत घासून परत आवळा. आमच्या भागातले एक बुजुर्ग ऑटो इलेक्ट्रिशियन "बॅटरी बघा" म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर देतात, "साहेब, बॅटरी नंतर. आधी अर्थ दाखवा." त्यांच्या दुकानात नव्या बॅटऱ्या विकायला नसतात, हेही त्या सल्ल्यामागचं एक कारण असावं.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी हाही असाच अडथळा. पांढरं ते बहुतेक शिशाचं सल्फेट, हिरवट-निळं ते तांब्याचं. गरम पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशने घासलं की फसफसून निघून जातं. बॅटरीच्या झाकणांच्या भोकांतून सोड्याचं पाणी आत जाऊ देऊ नका, आम्ल मरेल. मग कोरडं करून, टर्मिनल घट्ट आवळून, वरून व्हॅसलीन लावावं. टर्मिनल बसत नाही म्हणून पान्याने ठोकू नये. खांबाखालचा जोड तुटतो. सैल बसतं म्हणून पत्र्याचा तुकडा किंवा तांब्याची तार खुपसायची पद्धत तर महाराष्ट्रव्यापी आहे. त्याचं मूळ कारण असं की खांब दोन जाडींचे येतात. जपानी धाटणीच्या लहान गाड्यांचा पॉझिटिव्ह १४.७ मिलिमीटरचा, जाड प्रकारातला १९.५ चा. पातळ खांबाची बॅटरी आणि जाड पकडीची वायर एकत्र आली की पत्रा शोधला जातो. शिशाची तयार टोपी मिळते किंवा पकडच बदलता येते. तेवढं करावं.

सगळं ठीक असूनही दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरत असेल तर गळती शोधायची. सगळं बंद, किल्ली बाहेर, दारं लावलेली. निगेटिव्ह सोडून मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर त्या वायरीच्या आणि खांबाच्या मध्ये लावा. या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं असं मानतात, पण तो आधुनिक गाड्यांचा हिशेब. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, ३५ ची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी. कार्ब्युरेटरच्या ८०० मध्ये बंद अवस्थेत घड्याळाशिवाय कुणी जागं असायचं कारणच नाही, तिथे आकडा पाच-दहाच्या पुढे गेला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल तिथे चोर. बहुतेक वेळा तो नंतर बसवलेला अलार्म, सेंट्रल लॉक किंवा गाण्यांच्या संचाचा अॅम्प्लिफायर निघतो.

आणि तरीही बॅटरीच दोषी ठरली, तर बदलायची. चार-पाच वर्षं काम दिलेल्या बॅटरीबद्दल तक्रार करू नये. नवी घेताना जुनीवरचा सांकेतिक क्रमांक पाहावा, उदाहरणार्थ ३८बी२०एल. यातला ३८ क्षमतेचा दर्जा सांगतो, बी उंची-रुंदीचा गट, २० म्हणजे लांबी सुमारे वीस सेंटिमीटर, आणि शेवटचं एल किंवा आर हे टर्मिनलांची बाजू सांगतं. हे शेवटचं अक्षर चुकलं तर वायर पोचत नाही, आणि ताणून पोचवली तर पुढे कधीतरी तुटते. थोडी जास्त क्षमतेची बॅटरी घेतली तर अल्टरनेटरवर ताण येतो हा समज खरा नाही, पण ती ट्रेमध्ये नीट बसली पाहिजे. उंच बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब बंद बॉनेटला टेकला तर काय होईल याचा विचार दुकानातच करावा. उत्पादनाचा महिना पाहून घ्या. सहा महिने शेल्फवर बसलेली बॅटरी सवलतीत मिळाली तरी तिच्यात सल्फेटची सुरुवात झालेली असू शकते. वॉरंटी कार्डावर "फ्री" किती महिने आणि "प्रो-राटा" किती हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. दुसऱ्या भागात नवी बॅटरी फुकट मिळत नाही, फक्त किमतीत सूट मिळते.

काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे: निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात, पाना लाल होतो. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. अंगठीने टर्मिनल आणि बॉडी जोडली गेली तर ती बोटातच तापते. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून पातळी पाहायला काडी पेटवू नये, जी लोक खरोखर पेटवतात. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, मग चांगल्या बॅटरीचा निगेटिव्ह, आणि शेवटची पकड मेलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडणारच असेल तर तिथे उडू दे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असे. एखाद्या हौशी मित्राच्या जुन्या मॉरिसला जंपर लावायची वेळ आली तर आधी त्याला विचारा. आम्ल अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाणी मारत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

जुनी बॅटरी दुकानदाराकडेच द्या. तिच्या वजनातला अर्ध्याहून जास्त भाग शिसं असतो आणि त्याची किंमत तुमच्या बिलातून वजा होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. भंगारवाला पन्नास-शंभर रुपये जास्त देतो ते खरं, पण तो ती कुठेतरी गटाराच्या कडेला फोडतो, आम्ल नाल्यात जातं आणि शिसं उघड्या भट्टीत वितळतं, बहुधा जवळपास मुलं खेळत असताना. "रिकंडिशन" केलेली बॅटरी निम्म्या किमतीत मिळते तिचा उगमही अनेकदा अशाच ठिकाणी असतो. नव्या डब्यात जुन्या प्लेटा, आणि हमी तोंडी.

नवी बसली की वरची पट्टी घट्ट आवळलेली आहे का ते हलवून पाहा. आपल्या रस्त्यांवर सुटी बॅटरी दिवसभर हादरत राहते आणि प्लेटांवरचा लेप झडून तळाशी साचतो. पुढे तोच सेल शॉर्ट करतो. आठवड्याने टर्मिनलांचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, नवी पकड थोडी सैलावते. आणि मीटर परत कपाटात ठेवण्याआधी दोन आकडे लिहून ठेवा, सकाळचा विसावलेल्या बॅटरीचा आणि इंजिन चालू असतानाचा, बॅटरीवरच मार्करने, तारखेसकट. पुढच्या वेळी बाल्कनीतून निदान ऐकू आलं तर ताजे आकडे यांच्याशी ताडून पाहता येतील.